पाथरवटाविना घडलेले खांब

इतिहास म्हटला की आपण शिलालेख नि ताम्रपट शोधतो. यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यात, शिबला-पारडी येथे, रस्त्याच्या कामात त्याहून जुना दस्तऐवज उघडा पडला: बेसाल्टचे षटकोनी खांब. एखाद्या बुजलेल्या देवळाचे वाटावेत इतके रेखीव. पण पाथरवटाचा हात न लागलेले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा लाव्हा सावकाश निवला, आकसला आणि वाळत्या गाळासारखा तडकला. भेगा खोलवर उतरून हे खांब सुटे झाले. अंधेरीची गिल्बर्ट हिल याच घडणीची. आसपासच्या खाणकामाने तिचा सुळका तेवढा उरला. शिबल्याचे खांब रस्त्यामुळेच दिसले. रस्त्यासाठीच त्यांची खडी होऊ नये.