सतत मारा आणि नळीची उष्णता : भारतीय रायफलीच्या टिकाऊपणाची कसोटी

स्वयंचलित रायफलीच्या टिकाऊपणाचा विचार करताना दोन आकड्यांची गल्लत नेहमी होते. यंत्रणेच्या गतीने मोजल्यास मिनिटाला ६०० ते ९०० गोळ्या निघतात. वृत्तपत्रांतून हाच आकडा छापला जातो. नळीस अपाय न होता दीर्घकाळ चालू ठेवता येणारा मारा मात्र फारच थोडा असतो. अमेरिकी सैन्याच्या नियमपुस्तिकेत एम-१६ रायफलीस तो मिनिटाला १२ ते १५ गोळ्या इतकाच सांगितला आहे.

ह्या तफावतीचे कारण उष्णता होय. सततच्या माऱ्याने नळी तापते, आतील आटे झिजतात आणि नेम ढळतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, तापलेल्या कोठीत राहिलेले काडतूस चाप न ओढताही उडू शकते. १९३० नंतरच्या दशकात ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या ब्रेन ह्या हलक्या मशीनगनीत यावर उपाय होता तो नळी बदलण्याचा. जलद माऱ्यात दहा मॅगझिने, म्हणजे सुमारे ३०० गोळ्या झाल्या की नळी बदलावी, असा दंडक होता. रायफलधारी शिपायाजवळ अशी दुसरी नळी नसते.

१९६२ च्या चीन युद्धात भारतीय पायदळाच्या हाती मुख्यत्वे .३०३ ची बोल्ट-रायफल होती. तिच्या जागी आलेली ७.६२ मिमी. ईशापूर रायफल पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेत आकारास आली. १९५८ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेने विदेशी नमुने अभ्यासून ती सिद्ध केली. तथापि ती अर्धस्वयंचलित असल्याने सतत माऱ्याचा प्रश्न तीत तितका तीव्र नव्हता. तो उभा राहिला १९८० नंतर, ५.५६ मिमी. इन्सासच्या वेळी. इन्सास रायफलीत नळीच्या आतून क्रोमचा मुलामा दिला होता, आणि चाप दाबून ठेवला तरी तीन गोळ्यांनंतर मारा थांबे. दारूगोळ्याची बचत हा त्यामागील हेतू सांगितला जातो. परंतु नळीच्या रक्षणाचे कामही त्याच योजनेने साधले, असे म्हणता येईल.

१९९९ च्या कारगिल युद्धात मात्र तक्रारी आल्या त्या प्रामुख्याने नळीविषयी नव्हत्या. कडाक्याच्या थंडीत प्लॅस्टिकच्या मॅगझिनांना तडे गेल्याचे व रायफली अडकल्याचे सांगण्यात आले. व्हिएतनाममधील एम-१६ ची कथा ह्याच जातीची आहे. तिच्या विकासकाळी वापरलेल्या काडतुसांतील दारू पुढे बदलली गेली. त्यामुळे यंत्रणेची गती वाढली, काजळी साचू लागली, आणि कोठीस क्रोमचा मुलामा नसल्याने रिकामी काडतुसे आत अडकून राहिली. १९६७ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने दारूच्या ह्या बदलावर कठोर ठपका ठेवला. रायफल, मॅगझिन व काडतूस यांची परीक्षा वेगवेगळी घेतली, अथवा एकाच हवामानात घेतली, तर हजारो गोळ्या झाडूनही उत्तर अपुरेच राहते. सैनिकाच्या हाती ही तिन्ही एकदम येतात, आणि ती प्राणसंकटाच्या क्षणी.

पुण्याच्याच आस्थापनेने जानेवारी २०२४ मध्ये ‘उग्रम’ ही ७.६२ मिमी. रायफल सादर केली. तीत एकेरी व पूर्ण स्वयंचलित असे माऱ्याचे दोन प्रकार आहेत. इन्सासमध्ये चापाच्या यंत्रणेने आवरलेली उष्णता येथे पुन्हा नळीवरच येऊन पडते, तीही अधिक दारूच्या काडतुसासह.