'दुर्लक्षित' अल्बम कोणी दुर्लक्षित केले?

अभ्यासवर्ग संपल्यावर मी मोबाईलवर कंट्री संगीत ऐकत बसलो होतो. एका मुलाने विचारले, "दादा, हे तर अमेरिकेतल्या गोऱ्यांचं गाणं. तुम्ही कसं काय ऐकता?" प्रश्न रास्त आहे. पण त्यामागचे गृहीतक त्या मुलाचे नाही. ते शंभर वर्षांपूर्वी रेकॉर्ड कंपन्यांनी तयार केले आणि जगभर विकले.

कंट्रीची ओळख म्हणजे बँजो. हे वाद्य पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडे ताणून घडवले. एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काजळी फासून, तेच वाद्य वाजवत, रंगमंचावर काळ्यांची टिंगल करू लागले. पुढे 1920 च्या दशकात कंपन्यांनी बाजाराचे दोन भाग पाडले. काळ्यांच्या तबकड्या 'रेस' या नावाखाली, दक्षिणेतल्या ग्रामीण गोऱ्यांच्या 'हिलबिली' या नावाखाली. प्रत्यक्षात दोघेही एकमेकांच्या चाली वाजवत होते. कॅटलॉगमध्ये मात्र गावकुसाबाहेरची वस्ती वेगळी झाली. 1949 साली बिलबोर्डने 'रेस' हा शब्द काढून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केला. पाटी बदलली, भिंत तशीच राहिली.

डीफोर्ड बेली हा माणूस आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवा. गुलामांचा नातू, लहानपणी पोलिओ झालेला, माऊथ ऑर्गनवर आगगाडी उभी करणारा. नॅशव्हिलच्या ज्या रेडिओ कार्यक्रमाला कंट्रीची पंढरी मानतात, त्या 'ग्रँड ओल ऑप्री'चे हे नाव निवेदक जॉर्ज हे याने 1927 साली पहिल्यांदा उच्चारले ते बेलीच्या वादनाच्या निमित्ताने. दौऱ्यावर गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलात बेलीला खोली मिळत नसे. 1941 मध्ये त्याला काढून टाकले. त्या वर्षी गीतहक्कांच्या भांडणामुळे त्याची गाजलेली गाणी रेडिओवर वाजवता येत नव्हती. पण हे महाशयांनी 1945 च्या पुस्तकात कारण काय दिले? तो आळशी होता, नवीन गाणी शिकत नव्हता! चाळिशी ओलांडलेल्या माणसाला त्यात 'पोरगा' म्हटले आहे. ही भाषा आपल्याला नवीन नाही. बेलीने नंतर नॅशव्हिलमध्येच बूट पॉलिशचे दुकान चालवले. कंट्रीच्या सन्मानदालनात त्याचे नाव गेले ते 2005 साली, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी.

आता अल्बमकडे येऊ. लिंडा मार्टेल हिचा 'कलर मी कंट्री' (1970) आधी ऐका. ऑप्रीच्या मंचावर एकटीने गाणारी ती पहिली काळी स्त्री, साल 1969. आवाज स्वच्छ, मोकळा, कुठेही आर्जव नाही. अल्बम काढणाऱ्या कंपनीचे नाव होते 'प्लँटेशन', म्हणजे गुलामांचा मळा. ती याबद्दल अवघडली होती, मालकाला त्यात काही वावगे वाटले नाही. गोऱ्या श्रोत्यांच्या शिव्या खात तिने कार्यक्रम केले. दुसरा अल्बम आलाच नाही. पुढे ती शाळेची बस चालवत होती. 2024 मध्ये बियॉन्सेने 'काउबॉय कार्टर'मध्ये तिचा आवाज घेतला, तेव्हा जगाने विचारले, ही कोण?

रॉकमध्येही हाच खेळ. डेट्रॉईटचे तीन हॅकनी भाऊ, बँडचे नाव 'डेथ'. 1975 मध्ये त्यांनी सात गाणी ध्वनिमुद्रित केली. पंक हा शब्द रुळण्याआधीचा हा पंक आहे, वेगवान आणि चिडलेला. मोठ्या कंपनीला बँडचे नाव बदलून हवे होते. थोरल्या डेव्हिडने नकार दिला आणि करार गेला. काळ्या पोरांनी सोल गावे, रॉक कशाला, असाही सूर होताच. 'फॉर द होल वर्ल्ड टू सी' हा अल्बम 2009 साली आला. डेव्हिड 2000 मध्येच गेला होता.

गोऱ्यांचे काहीच ऐकू नये असे माझे म्हणणे नाही. फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांनाच. जॉनी कॅशचा 'बिटर टिअर्स' (1964) पूर्णपणे अमेरिकेच्या मूळनिवासींवर आहे. रेडिओवाल्यांनी त्यातले गाणे टाळले, तेव्हा कॅशने बिलबोर्डमध्ये पानभर जाहिरात देऊन त्यांची हिंमत काढली. अंकल टुपेलोचा 'नो डिप्रेशन' (1990) हा ऑल्ट-कंट्रीचा पाया मानला जातो. इलिनॉयच्या कारखानदारी भागातल्या पोरांचा थकवा आणि दारू त्यात आहे. मला तो आवडतो. पण त्याचे नाव कार्टर फॅमिलीच्या गाण्यावरून आले आणि कार्टर फॅमिलीचा ए. पी. कार्टर गाणी गोळा करत फिरला तो लेस्ली रिडल या काळ्या गिटारवादकाला सोबत घेऊन. चाल रिडलच्या स्मरणात राहायची, शब्द कार्टर लिहून घ्यायचा. तबकडीवर नाव कार्टरचे.

शेवटी 'जेन्युइन नीग्रो जिग' (2010). कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्सचे तीन तरुण काळे वादक नॉर्थ कॅरोलायनातल्या जो थॉम्पसन या ऐंशी पार केलेल्या काळ्या फिडलवादकाच्या घरी जाऊन बसत आणि शिकत. अल्बमला नाव देणारी धून डॅन एमेट या काजळी फासणाऱ्या गोऱ्या नटाच्या नावे चालत आली होती. ती ओहायोतल्या स्नोडेन या काळ्या कुटुंबाकडून आली, असे या तिघांचे मत झाले. म्हणून अल्बमवर त्या धूनीचे नाव आधी 'स्नोडेन्स जिग' असे छापले आहे.