जोड्याचें माप आणि पावलाची रुंदी

पायांत घालावयाचा जोडा विकत घेणें ही गोष्ट दिसावयास अगदीं साधी आहे. दुकानांत जावें, आपला आंकडा सांगावा, पैसे मोजावे आणि जोडा घेऊन बाहेर पडावें. परंतु ज्याचें पाऊल चवड्यापाशीं रुंद आहे अशा गृहस्थाचा अनुभव निराळा असतो. सात आंकड्याचा जोडा त्याच्या टांचेला बरोबर बसतो, पण करंगळीला दाबतो. विक्रेता हंसतमुखानें आठ आंकड्याचा काढतो. तो रुंदीला कसाबसा पुरतो. मात्र आतां टांच निसटूं लागते आणि बोटांच्या पुढें जागा रिकामी राहते. नवाचा आंकडाहि पाहून झाल्यावर निर्णय ठरलेला असतो : साहेबांचा पायच जरा वेगळा आहे ! साहेबहि मान खालीं घालून तो निर्णय स्वीकारतात. पायांतली वहाण पायांतच बरी, असें आपल्याकडे म्हणतात. पण ती आधीं पायांत शिरावयास तर हवी! जोडा पुरेनासा झाला म्हणजे पायाला दोष द्यावयाचा, ही रीत कोठून आली हें पाहूं गेल्यास माप घेण्याच्या कलेचा इतिहास थोडासा उलगडावा लागतो.

इंग्रजी मापाचा पाया धान्याच्या दाण्यावर घातलेला आहे. जवाचे तीन दाणे टोकाला टोक लावून ठेवले म्हणजे एक इंच, असा इंग्लंडांतील जुना हिशेब. जोड्याच्या एका आंकड्यांत आणि पुढच्या आंकड्यांत जें अंतर असतें तें एका जवाचें, म्हणजे इंचाच्या तिसऱ्या हिश्शाचें. मुलांचें माप ४ इंचांवर शून्य धरून सुरू होतें. १३ आंकडे संपले कीं पुन्हां एकापासून मोठ्या माणसांचे आंकडे चालूं होतात. या हिशेबानें आठ आंकड्याचा साचा बरोबर ११ इंच लांबीचा भरतो. फ्रान्स व त्याच्या शेजारच्या देशांत हीच पायरी सेंटिमीटरच्या दोन तृतीयांशाएवढी धरतात. पायरी लहान असो वा मोठी, दोन्ही पद्धतींत आंकडा सांगतो तो केवळ लांबीचा. पाऊल म्हणजे जणूं एखादी सरळ रेषा आहे, तिला रुंदी नाहीं आणि घेरहि नाहीं, अशी ही कल्पना.

जोपर्यंत जोडा माणूस पाहून शिवला जात होता तोंपर्यंत या उणीवेनें फारसें अडत नसे. युरोपांतील कारागीर कागदाची एक पट्टी घेऊन ती गिऱ्हाइकाच्या पायाभोंवतीं गुंडाळी व जेथें जेथें माप पडेल तेथें तेथें तिला खांच पाडी. लांबी, चवड्याचा घेर, पायाच्या उंचवट्याचा घेर, हें सारें त्या एका पट्टीवर उमटत असे. ज्या लाकडी साच्यावर जोडा चढवितात, ज्याला आपल्याकडे कलबूत किंवा फर्मा म्हणतात, त्यावर हवी तेथें चामड्याची चकती ठोकली कीं भोवरीसाठीं किंवा बाहेर आलेल्या हाडासाठीं जागा तयार. अर्थात् हा काळ सुखाचाच होता असें मात्र समजूं नये. रोमन लोकांना डाव्या-उजव्या पायांसाठीं निरनिराळे जोडे करणें ठाऊक होतें. पण सोळाव्या शतकाच्या अखेरीस उंच टांचेची चाल निघाली, डाव्या-उजव्याचे निराळे साचे करणें महाग व अवघड होऊन बसलें आणि पुढें सुमारें दोनशें वर्षें युरोपांत दोन्ही पायांना एकाच आकाराचे सरळ जोडे वापरांत राहिले. डावा कोणता आणि उजवा कोणता हें घालणाऱ्यानें चालून चालून ठरवावयाचें !

या प्रकाराविरुद्ध पहिला मोठा आवाज उठविला तो एका शरीरशास्त्रज्ञानें. हॉलंडमधील पेट्रुस काम्पर यानें १७८१ सालीं जोड्याचा उत्तम आकार कोणता या विषयावर एक निबंधच प्रसिद्ध केला. घोड्याच्या खुरांची चिंता वाहणारी माणसें स्वतःच्या पायांविषयीं इतकीं बेफिकीर कशीं, हा त्याचा सवाल होता. पुढें १८५८ मध्यें झुरिक येथील प्राध्यापक हेर्मान फॉन मायर यानें दाखवून दिलें कीं, निरोगी पावलांत अंगठ्याच्या मध्यांतून मागें काढलेली रेषा टांचेच्या मध्यांतून जाते. निमुळता जोडा अंगठ्याला त्या रेषेवरून ढकलून देतो आणि मग सांध्यापाशीं हाड बाहेर येतें. म्हणजे ज्याला लोक वेडावांकडा पाय म्हणून हिणवीत, तो पुष्कळदां जोड्यानेंच घडविलेला असे.

विद्वानांचें हें म्हणणें कारागिरांच्या कानीं पडूं लागलें न लागलें तोंच कारागिराचेंच आसन डळमळूं लागलें. अमेरिकेंत लायमन ब्लेक यानें १८५८ सालीं तळ शिवण्याच्या यंत्राचा हक्क मिळविला, आणि १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत यंत्रावर शिवलेले जोडे सैन्याच्या पायांत गेले. तरी एक काम हातांतच राहिलें होतें. वरचें कातडें साच्यावर ताणून तळाशीं बसविणें हें इतकें नाजूक काम कीं तें यंत्राला साधणार नाहीं अशी सर्वांची खात्री होती. ती खोटी ठरविली यान मात्सेलिगर या तरुणानें. दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाममध्यें १८५२ सालीं जन्मलेला हा कृष्णवर्णी कामगार मॅसेच्युसेट्समधील लिन गांवीं जोड्यांच्या कारखान्यांत राबत असे. १८८३ सालीं त्याला आपल्या यंत्राचा हक्क मिळाला. कुशल हात दिवसाकाठीं पन्नासएक जोड उतरवी. हें यंत्र दीडशेंपासून सातशेंपर्यंत उतरवूं लागलें. जोडे स्वस्त झाले आणि गरिबाच्या पायांत पादत्राण आलें, हा उपकार थोडाथोडका नव्हे. मात्सेलिगर स्वतः क्षयानें ३६ व्या वर्षींच, १८८९ मध्यें वारला.

परंतु यंत्र माणूस पाहत नाहीं. तें साचा पाहतें. खांचांची कागदी पट्टी गेली आणि तिच्या जागीं दुकानांतील फळी आली. त्या फळीचा हिशेब एकदां मांडून पाहिला म्हणजे रुंद पायाच्या माणसाचें दुःख कोठें उगम पावतें तें लख्ख दिसतें. पांचापासून बारापर्यंतचे आंकडे, मधले अर्धे धरून, पंधरा होतात. दुकानदारानें एका घाटाचा एकेक जोड ठेवला तर पंधरा जोडांत त्याचें भागतें. प्रत्येक आंकड्याच्या पांच रुंद्या ठेवावयाच्या म्हटल्या तर तेच पंचाहत्तर होतात. रंग दोन असतील तर दीडशें. कारखानदाराला तर प्रत्येक रुंदीचे साचे निराळे करवावे लागतात. आणि अतिरुंद जोड वर्षभर फळीवर धूळ खात पडून राहिला तर त्यांत अडकलेलें भांडवल कोणी द्यावें ? दुकानदार दुष्ट नसतो. तो फक्त बेरीज करतो, आणि त्या बेरजेंत दोन्ही टोकांचीं माणसें गळून पडतात.

हा हिशेब ठाऊक असूनहि १८८० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एडविन सिंप्सन यानें लांबीच्या अर्ध्या पायऱ्या आणि रुंदीचीं अक्षरें यांची पद्धति मांडली. अरुंदाला ए, मग बी, सी, डी, आणि रुंदाला ई; त्याहून रुंद असेल तर दोन ई, तीन ई. अमेरिकेंत ती रुजली. तिच्या मागें लवकरच लष्कराचीहि गरज उभी राहिली, कारण पाय सोलवटलेला शिपाई जखमी शिपायाइतकाच निकामी असतो. एडवर्ड मन्सन या लष्करी डॉक्टरच्या नेतृत्वाखालीं एका मंडळानें चार वर्षें सुमारें दोन हजार शिपायांचे पाय तपासले व त्याचें पुस्तक १९१२ मध्यें निघालें. त्यांतील एक नियम मोठा मार्मिक आहे. माप घेतांना शिपायाच्या पाठीवर ४० पौंडांचें ओझें द्यावें आणि सारा भार मोजावयाच्या पायावर टाकण्यास सांगावें. कारण बसलेल्या माणसाचें पाऊल आणि ओझें वाहणाऱ्या माणसाचें पाऊल हीं एक नव्हेत. भार पडतांच तें लांबीला व रुंदीला पसरतें. खुर्चीवर बसवून पाय मोजणाऱ्या कितीतरी दुकानदारांना ही गोष्ट अद्यापि उमगलेली दिसत नाहीं.

यापुढची पायरी न्यूयॉर्क संस्थानांतील सिराक्यूज शहरीं चढली गेली. तेथें चार्ल्स ब्रॅनॉक या तरुणाच्या वडिलांचें जोड्यांचें दुकान होतें. मुलांच्या खेळण्यांतील लोखंडी पट्ट्या जोडून त्यानें एक मापयंत्र तयार केलें. १९२८ सालीं त्याचा हक्क त्याला मिळाला. धातूच्या त्या पाटावर पाय ठेवला म्हणजे लांबी व रुंदी कळतेच, पण तिसरेंहि एक माप कळतें : टांचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापर्यंतचें. पाय वांकतो तो या सांध्यापाशीं, आणि जोडाहि तेथेंच वांकला पाहिजे. रुंदीसाठीं एक आंकडा चढवून घेतलेला जोडा कां जाचतो याचें उत्तर येथें आहे. तो भलत्याच ठिकाणीं मोडतो, टांच वरखालीं घासते आणि फोड येतात. मोठा जोडा हा रुंद जोड्याचा पर्याय होऊं शकत नाहीं.

फोड ही क्षुल्लक बाब वाटते खरी. रॉबर्ट वॅडलो हा अमेरिकन तरुण जगांतील सर्वांत उंच मनुष्य म्हणून नोंदला गेला आहे. त्याची उंची ८ फूट ११ इंचांहून किंचित् अधिक. त्याचें पाऊल साडेअठरा इंच लांब होतें आणि जोड्याचा आंकडा ३७, पण रुंदीचें अक्षर दुहेरी ए, म्हणजे अरुंद ! लांबी आणि रुंदी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत हें याहून ठसठशीतपणें दुसरें कशानें पटावें ? असा जोडा कोणत्याच दुकानांत मिळणें शक्य नव्हतें. एका मोठ्या कंपनीनें तो त्याला फुकट करून दिला आणि त्याच्या बदल्यांत तिच्या जाहिरातीसाठीं तो गांवोगांव हिंडला. त्याच्या पायांची संवेदना मंदावली होती, चालण्यासाठीं लोखंडी आधार लागे. जुलै १९४० मध्यें तो आधार घोट्याला घासून फोड आला. त्याला तो वेळेवर कळला नाहीं, जखम चिघळली आणि १५ जुलै रोजीं वयाच्या २२ व्या वर्षीं त्याचा अंत झाला.

भारतांत इंग्रजी आंकडे आले ते इंग्रजी जोड्यांबरोबर. ते ज्या पायांवरून बेतले होते ते पिढ्यान्‌पिढ्या जोड्यांत वाढलेले पाय होते. अनवाणी पायाची गोष्ट निराळी असते. १९०५ सालीं फिल हॉफमन या अमेरिकन डॉक्टरनें जोडे न वापरणाऱ्या लोकांच्या पायांचीं १८६ जोडमापें पाहून नोंदविलें होतें कीं, त्यांचीं बोटें पंख्यासारखीं मोकळीं पसरतात. २००९ मध्यें बेल्जियमच्या संशोधकांनीं दक्षिण भारतांतील अनवाणी व जोडे घालणाऱ्या लोकांचीं पावलें पाश्चात्त्यांच्या पावलांशीं ताडून पाहिलीं. अनवाणी चालणाऱ्यांचीं पावलें अधिक रुंद, आणि चालतांना त्यांच्या तळव्यावर भार अधिक समान वांटलेला. पाश्चात्त्यांचीं पावलें सडपातळ, असें त्यांस आढळून आलें. म्हणजे रुंद पाऊल हें वैगुण्य नसून मोकळेपणानें वाढल्याची खूण असूं शकते.

कोल्हापुरी वहाणेला ही अडचण कधीं पडली नाहीं. तिला खिळा नाहीं, पुढें बंद पेटी नाहीं. अंगठा आणि पट्टा यांच्या आधारानें पाऊल मोकळें बसतें आणि वनस्पतींच्या सालीनें कमावलेलें चामडें वापरतां वापरतां घालणाराच्या पायाचा आकार घेतें. २०१९ सालीं महाराष्ट्रांतील चार व कर्नाटकांतील चार जिल्ह्यांना मिळून तिचें भौगोलिक मानांकन लाभलें. पण शाळेच्या गणवेशाला, कारखान्याला, पलटणीला कोल्हापुरी चालत नाहीं. तेथें बंद जोडाच लागतो.

त्या बंद जोड्यासाठीं भारतीय पाय प्रत्यक्ष मोजण्याचें काम चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें हातीं घेतलें. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या अवधींत ७९ ठिकाणीं १,०१,८८० लोकांचीं पावलें यंत्रानें मोजण्यांत आलीं. निरनिराळ्या प्रांतांसाठीं निरनिराळीं मापें लागतील अशी आधीं अपेक्षा होती. प्रत्यक्षांत एकच पद्धति सर्वांना पुरेल असें दिसलें. मुलींच्या पावलाचा आकार अकराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांच्या पावलाचा पंधराव्या-सोळाव्या वर्षीं कळसास पोंचतो, आणि भारतीय पावलें इंग्रजी मापांच्या मानानें रुंद आहेत, हेंहि नोंदलें गेलें. या नव्या पद्धतीला 'भा' असें नांव सुचविलें असून तींत वय आणि स्त्री-पुरुष भेद यांवरून ८ गट पाडले आहेत. अर्धे आंकडे तींत नाहींत, आणि रुंदीला जागा अधिक आहे.

दुकानदाराची बेरीज यानें लहान होते, आणि सामान्य भारतीय पायाला मोकळीक मिळते. मात्र अधिक रुंद केलेला एकच साचा म्हणजे अनेक रुंद्यांचे साचे नव्हेत. ज्याचें पाऊल या नव्या सरासरीहूनहि रुंद आहे, किंवा ज्याचा एक पाय दुसऱ्याहून मोठा आहे, त्याला कागदावर दोन्ही पावलांची रेघ आंखून देऊन कारागिराकडूनच जोडा शिववून घ्यावा लागतो. आणि त्या वेळीं त्यानें रेघ आंखतांना बसूं नये, उभें राहावें.