ग्रेप व मराठी मजकूरशोध

ग्रेप : साध्या मजकुराच्या फायलींतील ज्या ज्या ओळींत विशिष्ट शब्द अथवा अक्षरक्रम आढळेल, त्या त्या ओळी पडद्यावर हजर करणारी, टर्मिनलवर टंकून द्यावयाची युनिक्स कुळातील आज्ञा. आज्ञेच्या नावापुढे शोधावयाचा आकृतिबंध आणि त्यापुढे फाईलचे नाव, एवढाच तिचा सरंजाम. परंतु दप्तरखान्यातील कारकुनाचे दिवसच्या दिवस ज्या रुजवातीत जात, ती शेकडो फायलींची रुजवात ती क्षणार्धात उरकते.

बेल प्रयोगशाळेतील केन टॉम्प्सन यांनी रचलेली ही आज्ञा १९७३ च्या नोव्हेंबरात युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीबरोबर प्रचारात आली. ‘एड’ या संपादन-प्रणालीत नमुन्याबरहुकूम ओळी शोधून छापण्याची सोय टॉम्प्सन यांनी आधीच केलेली होती. तथापि ब्रायन कर्निघन यांनी सांगितलेल्या हकीकतीप्रमाणे, १७८७-८८ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या ‘फेडरॅलिस्ट’ निबंधांपैकी कोणता कोणाच्या हातचा, हे शब्दयोजनेवरून ठरवू पाहणारे त्यांचे सहकारी ली मॅकमहॉन यांचा मजकूर एडच्या स्मृतीत मावेना, तेव्हा ती सोय अलग काढून स्वतंत्र आज्ञेच्या रूपाने सिद्ध झाली. साहित्याच्या चिकित्सेशी असे जन्मापासूनचे नाते असलेले हे साधन पुढे बहुतांशी प्रोग्रॅमरांच्याच हाती राहिले, ही खेदाची गोष्ट होय. कारण बखरी, पत्रव्यवहार व जुनी वृत्तपत्रे अभ्यासणाऱ्यास त्याची निकड तिळभरही कमी नाही.

आकृतिबंधात बिंदू म्हणजे कोणतेही एक चिन्ह, चौकटी कंस म्हणजे आतील चिन्हांपैकी कोणतेही एक, आणि विस्तारित आकृतिबंधाचा ‘ई’ पर्याय दिला असता प्रश्नचिन्ह म्हणजे आधीचे चिन्ह असो वा नसो.

मराठीत या संकेतांचे मोल विशेष आहे. ‘हापूस’ शोधणाऱ्यास ‘हापुसाचा’ सापडत नाही, कारण सामान्यरूपात उपान्त्य दीर्घ उकार ऱ्हस्व होतो. म्हणून ‘प’नंतर दोन्ही उकारांची चिन्हे चौकटी कंसात द्यावी लागतात. ‘आंबा’ शोधल्यास ‘आंब्याचा’ निसटतो, आणि केवळ ‘आंब’ शोधल्यास आंबट व आंबोळीही हजर होतात. तेव्हा ‘ब’नंतर काना, मात्रा वा हलन्त यांपैकीच एक असावे, अशी अट घालणे इष्ट. व्याकरण जाणणाऱ्याच्या हाती ही आज्ञा अधिक चालते, ती या कारणाने.

याहून बिकट अडचण डोळ्यांना न दिसणारी आहे. ‘रत्नागिरी’ हा शब्द युनिकोडात नऊ चिन्हांचा. परंतु काही टंकलेखनपद्धतींत ‘त्’ व ‘न’ यांच्या मधे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक बसतो, आणि पडद्यावर जवळपास तसाच दिसणारा तो दहा चिन्हांचा शब्द ग्रेपच्या लेखी सर्वस्वी निराळा ठरतो. अशा वेळी ‘रत्.?नागिरी’ हा विस्तारित आकृतिबंध दोन्ही रूपे काढून देतो. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातील अर्धा ‘ऱ’ही दोन रीतींनी साठविला जातो : एकदा स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन, एकदा साधा ‘र’, हलन्त व जोडक मिळून. कोकणच्या मजकुरात किनारे आणि दऱ्या पदोपदी येत असल्यामुळे एकाच रूपावर भिस्त ठेवणाऱ्याचा निष्कर्ष अपुरा राहतो.

यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत, जी टॉम्प्सन यांनीच रॉब पाइक यांच्यासमवेत १९९२ मध्ये आखली, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. संगणकाची भाषाविषयक मांडणी त्या पद्धतीची नसल्यास ग्रेप चिन्हांऐवजी सुटे बाइट पाहते. सरळ शब्द तरीही सापडतो, पण बिंदू व कंस निष्प्रभ होतात. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मजकूर तर रूपांतर केल्यावाचून शोधण्याजोगा होतच नाही.

रोमन मजकूरही या फेऱ्यातून सुटत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडीविषयीचा दहावा खंड (१८८०) स्थलनामांतील दीर्घ ‘आ’ दर्शविण्यासाठी अक्षरावर तिरकी रेघ देतो. ज्या अंकीय प्रतीत ती रेघ कायम आहे, तीत साधे स्पेलिंग देऊन शोधल्यास जिल्ह्याचे नावच हाती लागत नाही. त्या अक्षराच्या जागी बिंदू द्यावा.

मोजणीचा ‘सी’ पर्याय शब्दांची नव्हे, ओळींची संख्या देतो. जेथे संपूर्ण परिच्छेद एकाच ओळीत साठविलेला असतो, तेथे प्रत्येक आढळ स्वतंत्र ओळीत काढणारा ‘ओ’ पर्याय योजून मग त्या ओळी मोजाव्यात.