४४३ नाबाद आणि दुबळ्या संघांची वेगळी रांग



संशोधनाला लागायच्या आधी बहुतेकांच्या डोक्यात विषय असतो, प्रश्न नसतो. 'क्रिकेटचा इतिहास' हा विषय झाला. 'दुबळ्या संघांना वेगळी स्पर्धा दिली तर ते सुधारतात का?' हा प्रश्न झाला. आज हाच प्रश्न घेऊ. मी शिकले सांख्यिकी, इतिहास नव्हे. पण आकडे वाचायचे तर त्यांच्यामागचा इतिहास वाचावाच लागतो, हे मला जरा उशिराच कळलं. तुम्हाला लवकर कळावं म्हणून हा लेख.

सुरुवात घरापासून करू. आमच्या गडमुडशिंगीपासून कोल्हापूर शहर हाकेच्या अंतरावर. त्या कोल्हापुरात १९१९ साली भाऊसाहेब निंबाळकर जन्मले. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी करंडकाचा सामना होता, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राने ४ बाद ८२६ केल्या. के. व्ही. भांडारकर आणि निंबाळकर यांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा जोडल्या. निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम मोडायला फक्त १० धावा हव्या होत्या. आणि खेळ थांबलेला असताना काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामनाच सोडून दिला. संघ मैदानात परत आलाच नाही.

ही गोष्ट आपल्याकडे नेहमी निंबाळकरांच्या बाजूने सांगितली जाते, आणि ते बरोबरच आहे. हा माणूस भारताकडून एकही कसोटी खेळला नाही, तरी प्रथम श्रेणीतली भारतीयाची सर्वोच्च खेळी आजही त्याच्याच नावावर आहे. पण संशोधक म्हणून एकदा दुसऱ्या बाजूला उभे राहा. ८२६ धावा होईपर्यंत उन्हात चेंडू अडवणाऱ्या त्या अकरा जणांना त्या सामन्यातून काय मिळालं? तेव्हा रणजी बाद पद्धतीने खेळली जायची. हरलात की वर्ष संपलं. म्हणजे दुबळ्या संघाच्या वाट्याला वर्षाला एक सामना, तोही बलाढ्य संघाकडून मार खायला.

मग वेगळी रांग हवी, असं लगेच वाटतं ना? थांबा. आधी 'दुबळा' या शब्दाकडे बघू.

काठियावाड दुबळा होता म्हणजे नेमकं कोण दुबळं होतं? त्याच भूभागातला नवानगरचा संघ १९३६-३७ चा रणजी विजेता होता. १९४३-४४ ला वेस्टर्न इंडिया जिंकला, तोही त्याच पट्ट्यातला. १९४८ चा हरलेला संघ 'काठियावाड' या नावाने जेमतेम चार हंगाम टिकला. पुढे तिथे सौराष्ट्र आला, आणि सौराष्ट्राने २०१९-२० आणि २०२२-२३ असा दोनदा करंडक जिंकला. माती तीच. सीमा बदलल्या, संस्था बदलल्या, पैसा बदलला. म्हणजे दुबळेपणा ही त्या वर्षाची नोंद असते, त्या प्रदेशाचा स्वभाव नव्हे. पहिला धडा हाच लिहून घ्या: वर्गीकरणाचं लेबल हे मोजमाप असतं, जात नव्हे.

आता रांगेचा इतिहास. १९५७-५८ पासून रणजीत विभागवार साखळी आली. दुबळ्यांना निदान दरवर्षी चार-पाच सामने मिळू लागले. पण पश्चिम विभागात समोर मुंबई असायची, जिने १९५८-५९ ते १९७२-७३ सलग १५ वेळा करंडक जिंकला. शेवटी २००२-०३ मध्ये विभाग मोडले आणि एलिट व प्लेट असे दोन गट झाले. वरून खाली, खालून वर जाण्याची सोय ठेवली.

फळ काय मिळालं? २०१०-११ मध्ये राजस्थान प्लेट गटात होता. जयपूरला त्यांनी हैदराबादला २१ धावांत गुंडाळलं. दीपक चहरने पदार्पणातच १० धावांत ८ बळी घेतले. त्या वर्षी प्लेटमधून बाद फेरीत जायची वाट होती. राजस्थान त्या वाटेने गेला आणि बडोद्याला मागे टाकून पहिल्यांदा करंडक घेऊन आला. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. आपला विदर्भही कधीकाळी प्लेटमध्येच होता. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन करंडक आज त्याच्याकडे आहेत.

आता इथे घाई करू नका. 'प्लेटमुळे विदर्भ सुधारला' असं लिहाल तर परीक्षक पहिल्याच पानावर अडवेल. त्याच काळात जामठ्याचं स्टेडियम झालं, निवासी अकादमी आली, वासिम जाफरसारखा खेळाडू आला, चंद्रकांत पंडितांसारखा प्रशिक्षक आला. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर श्रेय कोणाला? आणि प्लेटमध्ये वर्षानुवर्षं राहून वर न आलेले संघ तुम्ही मोजलेत का? फक्त जिंकलेल्यांची यादी करणं म्हणजे पास झालेल्या मुलांनाच विचारून क्लास चांगला ठरवणं.

माझी स्वतःची फजिती सांगते. २०१८-१९ मध्ये नऊ नवे संघ आले आणि बहुतेक ईशान्येकडच्या त्या संघांचा प्लेट गट झाला. त्या हंगामात सिक्कीमकडून मिलिंद कुमारने १३३१ धावा केल्या. बिहारच्या आशुतोष अमनने ६८ बळी घेऊन बिशनसिंग बेदींचा १९७४-७५ चा ६४ बळींचा विक्रम मोडला. सरावासाठी मी हे आकडे सगळ्या हंगामांसोबत एकाच तक्त्यात टाकले आणि छान आलेख काढला. माझ्या मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, "कोण कोणाशी खेळलं?" आलेख तिथेच संपला. वेगळी रांग झाली की आकड्यांचं चलनही वेगळं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीला गोव्याच्या कश्यप बखले आणि स्नेहल कौठणकर यांनी अरुणाचलविरुद्ध ६०६ धावांची अभेद्य भागीदारी केली. गोवा २ बाद ७२७. अरुणाचल दोन्ही डावांत शंभराच्या आत. म्हणजे खालच्या रांगेतही एक काठियावाड उरतोच.

आणि रांग ओलांडल्यावर? मार्च २०२२ मध्ये प्लेटमध्ये पहिला आलेल्या नागालँडला ईडन गार्डन्सवर झारखंड भेटला. झारखंडने पहिल्या डावात ८८० केल्या आणि सामना संपेपर्यंत आघाडी १००८ धावांवर गेली. खाली पहिला येणं आणि वर टिकणं यात किती अंतर आहे ते बघा.

हा वाद फक्त आपला नाही. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल ३२ काउंट्यांच्या अस्मितेवर चालतं. तिथेही खेळाडू बहुतेक आपल्याच काउंटीचा, त्यामुळे लहान काउंटी मोठी फौज आणणार कुठून? दुबळ्यांसाठी २००४ ला सुरू केलेला टॉमी मर्फी चषक २००८ नंतर बंद झाला. २०२२ ला टेल्टन चषक आला. त्यातल्या विजेत्याला पुढच्या वर्षी मुख्य स्पर्धेत जागा पक्की. पहिला मान वेस्टमीथला मिळाला.

माझं मत? ते मी कोल्हापूरच्या कुस्तीतून घेते. खासबागेत नवख्या पोराला कोणी थेट नंबर एकच्या कुस्तीत उतरवत नाही. जोड तोडीस तोड लावतात. पण त्याच पोराने चार मैदानं मारली की पुढच्या वेळी त्याची जोड वर सरकते, आणि एक दिवस तोही शेवटच्या कुस्तीला उभा राहतो. जोड लावणं हा अपमान नव्हे. अपमान तेव्हा, जेव्हा वर सरकायची वाटच बंद असते. म्हणून मी वेगळ्या रांगेच्या बाजूने आहे, पण तिला दार हवं, आणि दार दरवर्षी उघडायला हवं.

हे मत आहे, निष्कर्ष नव्हे. निष्कर्ष काढायचा तर एक काम करा. २००२-०३ पासून प्लेटमध्ये गेलेला प्रत्येक संघ घ्या, फक्त जिंकलेले नव्हे. तो वर कधी आला, किती वर्षं टिकला, मधल्या काळात आणखी काय बदललं, हे चार रकान्यांत मांडा. एवढा तक्ता प्रामाणिकपणे भरलात तर तुमच्या हातात विषय नाही, प्रश्न असेल.

आणि तक्ता भरताना मैदान सोडून गेलेल्या त्या अकरा जणांसाठी एक ओळ ठेवा. विक्रमाच्या पानावर त्यांची नावं शोधावी लागतात.