बाड गास्टाइनला कधी जावं?

ऑस्ट्रियातल्या बाड गास्टाइनला कोणत्या महिन्यात जावं, असं घरातली तरुण मंडळी विचारतात. मी पडलो इतिहासाचा मास्तर, त्यामुळे उत्तर जरा लांबणारच!

गावाच्या मधोमध मोठा धबधबा, आणि डोंगरातून येणारे सुमारे ४५ अंशांचे गरम झरे. ते बारा महिने वाहतात. तरी पूर्वी राजेरजवाडे स्नानाला यायचे ते उन्हाळ्यात. ऑगस्ट १८६५ मधला प्रशिया-ऑस्ट्रिया करार इथलाच. १९०५ मध्ये रेल्वे आली. पुढे बर्फालाही गिऱ्हाईक मिळालं आणि १९५८ मध्ये इथे स्कीइंगची जागतिक स्पर्धा भरली.

मला मात्र आठवतो तो डिसेंबर १९३७. तुरुंगवासाने प्रकृती खालावलेले सुभाषबाबू इथे विश्रांतीला आले आणि दहाएक दिवसांत आत्मचरित्राची दहा प्रकरणं लिहून मोकळे झाले. फेब्रुवारी १९३८ मध्ये ते हरिपुरा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मग कसली सवड! पुस्तक १९२१ सालापाशी थांबलं, ते कायमचंच.

म्हणून सांगतो, महिना कोणताही धरा, पाणी गरमच मिळेल. फक्त दोन-चार दिवस मोकळे ठेवा. राहून गेलेल्या कामाला पुन्हा सवड मिळतेच असं नाही.