पोकलेनची केबल आणि इंजिनाचा जुना गव्हर्नर



आष्ट्यातली काळी रानं क्षारानं पांढरी पडली की निचऱ्याची चर काढून सच्छिद्र पाइप टाकल्याशिवाय गत्यंतर नसतं. गेल्या मे महिन्यात आमची चर अर्धी झाली आणि पोकलेन अडकलं. इंजिन चालू, पण रेस वाढेना. डायल फिरवला तरी तेच. नवीन पार्टला आठवडा लागणार होता आणि वळीव कधी येईल सांगता येत नव्हतं. उघडी चर एका पावसात ढासळली असती.

मिस्त्रीनं पंप बघितला. म्हणाला, "दादा, मोटर गेलीय, पंप ठणठणीत हाय. केबल टाकू." संध्याकाळी मशीन चालू झालं.

केबलनं हे का जमलं, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

१७८८ साली जेम्स वॅटनं वाफेच्या इंजिनाला फिरते गोळे लावले. वेग वाढला की गोळे बाहेर फाकायचे आणि वाफ कमी व्हायची. वेग पडला की उलटं. हाच गव्हर्नर. पुढं डिझेल इंजिनाच्या पंपातही अशीच वजनं बसली. नदीकाठी आपल्या वाडवडिलांनी चालवलेल्या पाण्याच्या इंजिनातही हीच युक्ती होती. लिव्हर थेट डिझेल सोडत नाही. ती गव्हर्नरला एवढंच सांगते की वेग किती ठेवायचा. लोड आल्यावर डिझेल किती वाढवायचं, ते गव्हर्नर बघतो.

पोकलेन हा शब्द फ्रान्सच्या पोक्लेन कंपनीवरून आला. तिनं १९५१ साली हायड्रॉलिक खोदाई यंत्र काढलं. जुन्या यंत्रांत लिव्हर हातानं ओढायची. पुढं डायल, कंट्रोलर आणि छोटी मोटर आली. डिझेल वाचावं, काम थांबलं की रेस आपोआप उतरावी, इंजिन आणि हायड्रॉलिक पंपाचा मेळ बसावा म्हणून. पण त्या पिढीतल्या बऱ्याच मशीनमध्ये मोटर ओढायची ती पंपावरची तीच जुनी लिव्हर. म्हणून मोटरच्या जागी केबल चालली.

कॉमन रेल इंजिनात ही सोय नाही. तिथं पंपावर ओढायला लिव्हरच नसते. कधी आणि किती डिझेल मारायचं ते कंट्रोलर ठरवतो. १९९७ च्या सुमारास हे तंत्र मोटारगाड्यांत आलं, नंतर शेतातल्या मशीनमध्ये. तिथं केबलचा नाद करू नका.

आमच्या अनुभवातून चार गोष्टी:

१. काही मशीनमध्ये तीच मोटर इंजिन बंदही करते. म्हणून केबल शेवटपर्यंत ढकलल्यावर इंजिन बंद होतंय का, ते आधी तपासा. नाहीतर चावी काढली तरी इंजिन चालूच राहील.

२. जास्तीत जास्त वेगाचा सील केलेला स्क्रू हलवू नका.

३. केबल सायलेन्सरपासून लांब न्या. वाक मोठा ठेवा. स्प्रिंगनं लिव्हर मागं आली पाहिजे.

४. आता रेस आपोआप उतरणार नाही. डंपरची वाट बघताना ड्रायव्हरनं हातानं कमी करायची, नाहीतर डिझेलचं बिल वाढलंच.

आमची चर पावसाआधी बुजली, पाइप सलामत बसले. हंगाम संपल्यावर मालकानं नवीन मोटर बसवून घेतली, तेही बरोबरच. केबलनं ते चार दिवस निभावून नेले, कारण पंपातला जुना गव्हर्नर अजून शाबूत होता.